पेवातला माईक

प्रबुद्ध होवाळ माझा जवळचा मित्र आहे, हे आधीच सांगून टाकतो. म्हणजे पुढे मी त्याला वेडा म्हणालो तरी कुणी अंगावर यायचं नाही.

मी एसटीत कंडक्टर, नाव दादासो. नव्वद सालानंतर बरीच वर्षं माझी ड्यूटी सातारा–सांगली गाडीवर होती. सकाळी साताऱ्याहून सुटायचं, कराड, इस्लामपूर, आष्टा करत सांगली गाठायची आणि परतीच्या फेरीपर्यंत मोकळं. बाकीचे कंडक्टर त्या वेळात पाय ताणून घोरायचे. मी ढोलकी काखोटीला मारून हरिपूरला प्रबुद्धच्या स्टुडिओत जायचो. ढोलकी प्रवासभर माझ्या सीटखाली असायची. कुणी विचारलंच तर "पोरगं हाय माझं, तिकीट काढलंय त्याचं," असं सांगायचो.

स्टुडिओ म्हटल्यावर काचा, एसी असलं काही डोळ्यांपुढे आणू नका. घराची पुढची खोली. भिंतींना अंड्यांचे ट्रे, त्यांच्यावर पोती, दाराला गोधडी. रेकॉर्डिंग सुरू झालं की पंखा बंद करायचा आणि घाम पुसत वाजवायचं. प्रबुद्ध मुळात रेडिओ-टेप दुरुस्त करणारा. त्यातून त्यानं हळूहळू चार ट्रॅकचं एक कॅसेट मशीन, छोटा मिक्सर आणि दोन माईक जमवले. चौदा एप्रिलच्या जयंतीची गाणी, गावोगावच्या यात्रांची गाणी, लग्नातल्या बँजो पार्ट्या, सगळ्यांच्या कॅसेटी तो त्या खोलीत करायला लागला. चार ट्रॅक म्हणजे काय, तर टेपवर चार रांगा. एकीत ढोलकी, एकीत पेटी, एकीत कोरस आणि एकीत मुख्य गाणारा. पाचव्याला जागा नाही.

या मशीनवर त्याचा एवढा जीव, की सकाळी उठल्यावर आधी तो ब्रशनं त्याच्या बटणांमधली धूळ काढायचा आणि मग स्वतःचे दात घासायचा. त्याचं तत्त्वज्ञान एका वाक्यात मावायचं: एक मशीन, एक काम. "मिक्सरवर चटणी वाटायची, रेडिओवर बातम्या ऐकायच्या. मिक्सरमधी बातम्या लावल्यात का कुणी?" असं तो विचारायचा. समोरच्यानं नाही म्हटलं की जिंकल्यासारखा हसायचा.

हा प्रश्न मुख्यतः त्याच्या बायकोसाठी असायचा. नीलिमा साताऱ्याची, म्हणजे माझ्या गावची, म्हणून मी तिची बाजू घेतो असा प्रबुद्धचा कायमचा आरोप. ती सांगलीच्या गावभागातल्या एका क्लासमध्ये टायपिंग आणि डीटीपी शिकवायची. तिचं म्हणणं, आता एकाच कंप्युटरमध्ये टेपही असते, मिक्सरही असतो आणि इकोही असतो. "आणि तुमची ही मशीनं पुसायला लागतात तशी तो पुसायलाही लागत नाही," असं ती वर टाकायची. प्रबुद्ध म्हणायचा, "आन् तो हँग झाला म्हंजे? गाणाऱ्यानं आ वासूनच बसायचं?" भांडणात दोघंही मुद्द्याला धरून असत, त्यामुळे ते कधी संपतच नसे.

मला विचाराल तर मला कंप्युटरचा रागच होता. त्यात ढोलकीसुद्धा असते, असं कुणीतरी मला सांगितलं होतं.

पण प्रबुद्धचं खरं मशीन खोलीत नव्हतं. ते जमिनीत होतं.

हरिपूर हे हळदीच्या पेवांचं गाव. पेव म्हणजे जमिनीत चार-पाच पुरुष खोल खड्डा. तोंड एका माणसापुरतं आणि पोट रांजणासारखं फुगलेलं. आतून उसाचं पाचट आणि चटया लावून त्यात हळद भरायची आणि तोंड मातीनं लिंपून टाकायचं. मग वर्ष जाऊ दे, दोन वर्षं जाऊ देत, हळदीला कीड लागत नाही. रिकामं पेव उघडलं की माणूस लगेच आत उतरत नाही, कारण आतली हवा कोंडलेली असते. आधी तोंड उघडं टाकायचं, मग दोरीला कंदील बांधून खाली सोडायचा. कंदील जळत राहिला की मग माणूस.

स्टुडिओच्या मागच्या भिंतीला लागूनच आकारामअण्णांची पेवं होती. एकदा अण्णा अशाच एका रिकाम्या पेवात वाकून खाली उतरलेल्या गड्याला शिव्या घालत होते. त्या शिव्या आत घुमून अशा काही भारदस्त होऊन वर आल्या, की प्रबुद्ध सोल्डरिंग टाकून धावत गेला. दुसऱ्या दिवशी त्यानं दोरीनं एक स्पीकरचं खोकं पेवात सोडलं, त्याच्यापुढे माईक ठेवला आणि दोन्हीच्या वायरी मागच्या खिडकीतून खोलीत घेतल्या. गाणाऱ्याचा आवाज वायरीतून पेवात जायचा, तिथं घुमायचा आणि माईकमधून परत यायचा. मूळ आवाजात तो थोडासा मिसळला की गाण्याला अंग यायचं.

त्या काळात इको नसलेलं गाणं म्हणजे मीठ नसलेली आमटी. पुण्या-मुंबईच्या कॅसेटींना मशीनचा इको असायचा. पण प्रबुद्धच्या कॅसेटींचा घुमारा वेगळाच होता, आणि वेगळा का, ते कुणाला कळत नसे. कुणी विचारलं की तो गंभीर चेहऱ्यानं सांगायचा, "इंपोर्टेड हाय. लय खोल जातंय."

आता पारूबाई. ही प्रबुद्धची आत्या, आम्ही सगळेच तिला आत्या म्हणायचो. साठी केव्हाच उलटलेली, कपाळाला आठी आणि तोंडात उत्तर तयार. तरुणपणी हळद पॉलिश करायच्या कारखान्यात ती कामाला होती आणि जयंतीला गायन पार्टीत गायची. आवाज असा, की चौकात उभी राहून गायली तर पलीकडच्या आळीतल्या बायका भाकरी थापायच्या थांबायच्या. पण पार्टीचा मुख्य गायक दुसराच कुणी असायचा. पुढे कॅसेटी निघाल्या तेव्हाही ती कोरसातच. कव्हरवर मुख्य गायकाचं नाव आणि त्याच्याखाली बारीक अक्षरात "आणि पार्टी". आत्याचं सगळं गाणं त्या दोन शब्दांत मावलं होतं.

प्रबुद्धनं तिला शब्द दिला होता. अठ्ठ्याण्णव सालच्या जयंतीला तिची स्वतःची कॅसेट, कव्हरवर एकटं तिचं नाव. साताऱ्याच्या नानासोनं कॅसेटी छापून बाजारात टाकायचं कबूल केलं होतं, कारण नानासोला मी रोज भेटून भंडावून सोडलं होतं. त्याची अट एकच. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात तयार टेप त्याच्या हातात हवी. नाहीतर तो कराडच्या एका तरुण गायिकेची कॅसेट काढणार होता, तिची टेप तयारच होती.

आत्याची गाणी तिनं स्वतः रचलेली. त्यातलं मुख्य गाणं शाळेत निघालेल्या पोरीचं होतं. "पाटी माझी पुसू नका, अजून अक्षर ओलं हाय." धुपद सोपं, पण प्रत्येक अंतऱ्याची शेवटची ओळ लांबच लांब. ती एका दमात म्हटली तरच गाण्याची मजा. आणि नेमका दमच आत्याकडे उरला नव्हता. इतकी वर्षं हळदीची धूळ खाल्लेली, छातीत कायम घरघर.

फेब्रुवारीत आम्ही बसलो. पहिला अंतरा झकास झाला. दुसऱ्यात दम तुटला. पुन्हा घेतला, तर दुसरा झकास आणि तिसऱ्यात खोकला. पुन्हा घेतला, तर पहिल्यातच गडबड. गाणाऱ्याची रांग एकच असल्यामुळे नवीन गायलं की जुनं पुसलं जायचं. मधूनच पकडायचा प्रयत्न प्रबुद्धनं केला, पण आधीचा आवाज ताजा आणि नंतरचा दमलेला, सांधा लगेच कळायचा. माझी बोटं सुजली नव्हती, कारण ढोलकी आधीच टेपवर होती. मी नुसता बसून आत्याचे हाल बघत होतो, आणि ते वाजवण्यापेक्षा अवघड होतं.

शेवटी आत्या उठून पायरीवर जाऊन बसली. "मगाशी दुसरा अंतरा किती ग्वाड झालता. त्यो कुठाय?"

"पुसला गेला, आत्या," प्रबुद्ध म्हणाला. "नवं घेतलं की जुनं जातंय."

"आरं, माझं गाणं काय म्हणतंय आन् तुझं मशीन काय करतंय!"

प्रबुद्ध उगाच ब्रश उचलून बटणं झाडायला लागला. नीलिमाकडे यावर उत्तर होतं, पण तिनं ते शहाणपणानं रविवारपर्यंत गिळून ठेवलं.

नवीन काहीतरी घ्यायला हवं, हे दोघांनाही मान्य झालं होतं. दोघांनी मिळून साठवलेल्या पैशात एकच गोष्ट येणार होती. प्रबुद्धनं पुण्याच्या दुकानात आठ ट्रॅकचं मशीन पाहून ठेवलं होतं. चारच्या जागी आठ रांगा, म्हणजे आत्याचे दोन-तीन प्रयत्न जपून ठेवता येणार. शिवाय बटण दाबलं की रेकॉर्ड, बटण सोडलं की बंद, हँग नाही की काही नाही. नीलिमाला कंप्युटर हवा होता.

रविवारी क्लास बंद असतो, तेव्हा ती आत्याला तिथं घेऊन गेली. मीही गेलो. प्रबुद्ध "मला काम हाय" म्हणाला आणि पाच मिनिटांनी येऊन दारात उभा राहिला. नीलिमानं आत्याला माईकपुढे दोन ओळी म्हणायला लावल्या. पडद्यावर हिरव्या रंगाचं काहीतरी उंच-सखल उमटलं.

"ह्ये काय, गं?"

"तुमचा आवाज, आत्या. जिथं मोठा डोंगर हाय तिथं तुमी जोरात म्हटलंय. ही सपाट जागा दिसते ना, तिथं दम घेतला."

आत्यानं पडद्याला बोट लावून ती सपाट जागा चाचपली. मग नीलिमानं तीच ओळ तिच्याकडून चार-पाचदा म्हणवून घेतली, त्यातली सगळ्यात चांगली उचलली आणि पहिल्या ओळीला जोडली. जुनं काहीच पुसलं गेलं नाही. सगळं एकाखाली एक जपलेलं होतं.

"म्हंजे एक ओळ म्हणायची, च्या प्यायचा, मग दुसरी म्हणायची?" आत्यानं विचारलं.

"व्हय."

"मग आदी का न्हाई सांगितलं, गं?"

दारातून प्रबुद्ध म्हणाला, "आत्या, असं तुकड्या-तुकड्यानं शिवलेलं गाणं म्हंजे गोधडी झाली की."

"गोधडीत ऊब नसती व्हय रं?" आत्या त्याच्याकडे न बघताच म्हणाली.

मी हसलो, म्हणून प्रबुद्धनं माझ्याकडे असं बघितलं की मी लगेच ढोलकीच्या वाद्या तपासायला लागलो. पण हुकमाचा पत्ता त्याच्याकडेच होता. घरी आल्यावर त्यानं तो टाकला. "बरं. जोडलंस, शिवलंस. पर पेवाचा घुमारा कुठनं आणणार? चार पुरुष खोल पेव त्या डब्यात मावतंय का?" ते नीलिमालाही मान्य करावं लागलं. ठरलं, पुढच्या सोमवारी माझ्याच गाडीनं साताऱ्यापर्यंत यायचं, तिथून पुण्याला जायचं आणि आठ ट्रॅकचं मशीन घेऊन यायचं.

त्या आठवड्यात प्रबुद्धनं पेवाची तयारी मोठ्या हौसेनं केली. अण्णांनी महिनाअखेरपर्यंत पेव वापरायला दिलं होतं. धूळ बसू नये म्हणून त्यानं माईकला लाल सुती कापडाचं फडकं गुंडाळलं आणि वरून पांढरा दोरा बांधला. माईक तळाशी मधोमध एका पाटावर ठेवला. शेजारी स्पीकरचं काळं खोकं. रोज दोरीनं वर-खाली करायला नको, म्हणून सगळं तिथंच राहू दिलं आणि कुणी वायरी ओढू नयेत म्हणून त्याही गुंडाळून आत सोडल्या. पेवाला कोण कुलूप लावतंय, आणि पेवातलं चोरायला कोण उतरतंय!

शनिवारी आभाळ भरून आलं. अंगणाअंगणांत हळद वाळत पडलेली. अवकाळी पावसात भिजली तर वर्षाची कमाई मातीत. अण्णांनी आरडाओरडा करून होते नव्हते ते सगळे कामगार लावले, जेवढी वाळली होती तेवढी गोळा केली आणि त्या घाईत, प्रबुद्धला पेव दिलंय हे विसरून, जे पेव रिकामं दिसलं ते भरायला काढलं. प्रबुद्ध त्या दिवशी मिरजेला कुणाचातरी अँप्लिफायर दुरुस्त करायला गेला होता. मी गाडीवर होतो. नीलिमा क्लासला.

रविवारी मी पोचलो तेव्हा प्रबुद्ध पेवाच्या तोंडाशी उकिडवा बसलेला. तोंड मातीनं गुळगुळीत लिंपलेलं. अण्णा कमरेवर हात ठेवून उभे, आणि त्यांच्या शेजारी पेवं भरणाऱ्या बायकांची मुकादम शालूबाई, तिला आपलं काय चुकलं तेच कळत नव्हतं.

"खाली उतरली कोण हुती?" अण्णांनी विचारलं.

"मीच की," शालूबाई म्हणाली. "उतरले तर तळाला पाट मांडलेला. पाटावर लाल कापडात गुंडाळून द्येव बसवलेला, वर पांढरा दोरा. मला वाटलं अण्णांनी औंदा पूजा आदीच मांडून ठिवलीया."

पेव भरायच्या आधी तळाशी नारळ ठेवून पूजा करायची अण्णांच्या घरची रीत होती, आणि त्या दिवशी घाईत अण्णांनी काही सांगितलंही नव्हतं.

"मग?" प्रबुद्धनं क्षीण आवाजात विचारलं.

"मग काय? हळदकुंकू वाहिलं. नारळ ठिवला. चांगला पाणीदार नारळ हुता, आवं. काळ्या खोक्यालाबी एक बोट लावलं, न्हाई कशाला म्हणायचं. मग चटया टाकल्या आन् हळद वतली."

मला हसू आवरेना. मी तोंडाला टोपी लावली. प्रबुद्ध म्हणाला, "अण्णा, काढता यील का वो?"

"आरं, दहा जणांची हळद हाय आत. आत्ता तोंड फोडलं तर दमट हवा जाईल आन् सगळ्यांचा माल काळा पडंल. भाव आला की उघडू." अण्णांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "काळजी करू नगंस, गड्या. तुझ्या माईकला कीड लागायची न्हाई."

प्रबुद्ध माझ्याकडे वळला. त्याच्या चेहऱ्यावर आधी रडू होतं, मग त्याचं त्यालाच हसू फुटलं, आणि आम्ही दोघं त्या लिंपलेल्या पेवावर बसून डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसलो. शालूबाईला वाटलं, आम्हाला उन्हाचं काहीतरी झालंय. ती पाणी आणायला गेली.

घरी नीलिमानं सगळं ऐकून घेतलं. "मी म्हणत नव्हते?" हे वाक्य तिच्या अगदी ओठांवर होतं, मला दिसत होतं. तिनं ते गिळलं आणि चहा टाकला. माझ्या मते त्या दिवशी प्रबुद्धचं मन फिरवलं ते याच गोष्टीनं. कप खाली ठेवून तो म्हणाला, "पेवच न्हाई म्हटल्यावर माझं काय चालणार? घ्या तुमचा डबा."

कंप्युटर कोल्हापुराहून आला. आल्या आल्या कळलं, की त्याच्या पोटात पंखा असतो आणि तो घोंघावतो. आम्ही खोलीतला पंखा बंद करून घाम गाळत बसायचो, आणि हा मात्र वारा खात बसणार! शेवटी त्याला स्वयंपाकघरात नेलं. ओट्यावर कंप्युटर, शेजारी पीठ मळायची परात, आणि मधल्या भिंतीला भोक पाडून वायरी इकडे. नीलिमा तिकडून "म्हणा" म्हणायची, आत्या इकडे एक ओळ म्हणायची, मग तिकडून चहा यायचा. दोनदा लाईट गेली आणि केलेलं सगळं गेलं. तेव्हा प्रबुद्धनं छताकडे बघत मोठ्यानं "मिक्सरमधी बातम्या" एवढंच म्हटलं. तिसऱ्यांदा लाईट गेली तोवर नीलिमा दर ओळीला काम जपून ठेवायला शिकली होती, आणि त्यानं जुन्या बॅटऱ्या जोडून कंप्युटरला लाईट नसतानाही थोडा वेळ दम धरायला शिकवलं होतं. मला मात्र एक समाधान होतं. नीलिमानं मला कंप्युटरातली ढोलकी ऐकवली. ती ढोलकी नव्हतीच, कुणीतरी पत्र्याचा डबा बडवत होता.

गाणी ओळीओळीनं पुरी झाली. मग आला इको. कंप्युटरात त्याची यादीच होती. नीलिमा वाचून दाखवायला लागली: मोठा हॉल, चर्च, स्टेडियम, बाथरूम.

"मी काय न्हाणीत गाऊ?" आत्या म्हणाली. चर्च लावून बघितलं, तर म्हणाली, "ह्या घरात मी कवा गेल्ते?" प्रबुद्ध मनातून खूश. पेव त्या डब्यात नव्हतं, हे सिद्ध झालं होतं. पण नानासोनं दिलेली मुदत दाराशी आली होती, आणि खूश होऊन काही उपयोग नव्हता.

नीलिमानं तेवढ्यात आणखी एक कौतुकाचं काम केलं होतं. आत्या प्रत्येक ओळीआधी जोरात श्वास घ्यायची, छातीतली घरघर त्यात ऐकू यायची. नीलिमानं ते सगळे श्वास पडद्यावर शोधून, निवडून काढून टाकले. गाणं स्वच्छ झालं. आत्याला ऐकवलं. आत्या ऐकता ऐकता अस्वस्थ झाली.

"ही बाई मेल्याली हाय का?"

"का, आत्या?"

"दम कुठं घेतीया ती? माणूस गातंय तर दम घ्यायला नगं? घाल, गं, माझा दम परत."

जुनं काही पुसलेलं नव्हतं, म्हणून श्वास परत घालता आले. प्रबुद्ध हे बघत होता. त्याच्या चार ट्रॅकच्या मशीनवर एकदा गेलेला श्वास परत आला नसता. ओट्यावरचं पीठ कंप्युटरवर उडालं होतं ते त्यानं आपल्या ब्रशनं हळूच झाडलं.

मग आत्यानंच निकाल दिला. "घुमारा नगंच. कोरडंच ठिवा."

"कोरडी कॅसेट कुणी घेत न्हाई, आत्या," प्रबुद्ध कळवळून म्हणाला.

"आरं, सारं आयुष्य त्या घुमाऱ्यात गायले मी. सगळ्या बायांचा आवाज एक व्हायचा. त्यात पारू कुठली, त्ये मलाबी वळखू यायचं न्हाई. एकदा तरी मला माझा आवाज ऐकू दे की."

ती हे भांडल्यासारखं म्हणाली, पण आवाज कापत होता. स्वयंपाकघरातून नीलिमा डोळे पुसत बाहेर आली. प्रबुद्धनं मान डोलावली.

टेप मी स्वतः साताऱ्याला नेली, तिकिटांच्या पेटीत ठेवून. नानासोनं ऐकली आणि तोंड वाकडं केलं. "इको इसरला काय तुमचा मित्र? बाई कानाशी येऊन गातीया." मी त्याला म्हटलं, "मग त्यात वाईट काय?" कव्हर आधीच छापून झालं होतं, त्यामुळे तो फार ताणून धरणार नव्हता. कव्हरवर आत्याचा फोटो होता, आठी घातलेला, आणि खाली ठसठशीत अक्षरात: पारूबाई होवाळ. दुसरं काही नाही.

जयंतीच्या दिवशी माझी गाडी इस्लामपूरच्या अलीकडे मिरवणुकीत अडकली. निळे झेंडे, गुलाल, ट्रकवर स्पीकरांची भिंत. पॅसेंजर कुरकुरायला लागले. तेवढ्यात दणदणणारं एक गाणं संपलं आणि दुसरं सुरू झालं. आधी फक्त माझी ढोलकी. मग एक मोठा श्वास, घरघरीसकट, आणि "पाटी माझी पुसू नका." एवढ्या गोंगाटात तो आवाज असा सरळ आला, की नाचणारी पोरंसुद्धा जरा थबकली.

खिडकीशी एक म्हातारी बसली होती. ती ताडकन उठली. "आगं बया, ही तर पारू!" शेजारणीला हलवून ती सांगायला लागली, "हळदीच्या कारखान्यात माझ्या शेजारी असायची. दम अशीच घ्यायची ती. पारूच हाय ही!"

मी गणवेशात होतो, नाहीतर त्या म्हातारीच्या पाया पडलो असतो. गाडी सुटायला उशीर झाला, ड्रायव्हर हॉर्नवर हात ठेवून बसला, आणि मी दारात उभा राहून गाणं संपेपर्यंत डबल घंटीच दिली नाही.

सांगलीला पोचल्यावर आधी आत्याकडे गेलो. सगळं सांगितलं. तिनं दोनदा विचारलं, "तिनं नाव घ्येतलं माझं? नाव?" मी हो म्हटलं. मग ती पदरानं तोंड पुसत चुलीकडे वळली आणि मला दटावलं, "बस की मग, हुबा का? शिरा करते."

पुढच्या वर्षी हळदीला भाव आला आणि पेव उघडलं. आम्ही सगळे जमलो होतो. अण्णांनी तोंड फोडलं, हवा जाऊ दिली, दोरीनं कंदील खाली सोडला. कंदील जळत राहिला. हळद काढता काढता तळ लागला, तेव्हा शालूबाईनं आतून एकेक वस्तू वर दिली. आधी नारळ, आतलं खोबरं खडखड वाजत होतं. मग काळं खोकं, कुंकवाच्या बोटासकट. शेवटी माईक. लाल फडक्याचा रंग ओळखू येत नव्हता, आणि आतला माईक जाळीपर्यंत पिवळाधमक झाला होता. प्रबुद्धनं तो फुंकून वायर जोडली. स्वयंपाकघरात नीलिमानं पडद्यावर बघितलं आणि ओरडली, "येतोय! आवाज येतोय!"

"बघा," अण्णा म्हणाले, "म्हटलं नव्हतं, कीड लागायची न्हाई!"

पेव आता मोकळं होतं, आणि नानासो दुसरी कॅसेट मागत होता. प्रबुद्धनं जरा चाचरतच विचारलं, "आत्या, ह्या वक्ताला घुमारा लावायचा का? तू न्हाई म्हटलीस तर न्हाई."

आत्या पेवाच्या तोंडाशी गेली. मी तिचा हात धरला. ती वाकली, छाती भरून दम घेतला आणि स्वतःच्याच नावानं हाक मारली, "पारूऽऽ!"

आतून ते नाव जाड होऊन वर आलं, चार-सहा बायांनी मिळून म्हटल्यासारखं. पार विरेपर्यंत तिनं ते ऐकलं. मग सरळ होऊन प्रबुद्धकडे बघितलं.

"ऐकलास? ही माझी पार्टी. आता मी म्होरं, आन् पार्टी मागं. लाव तुझा घुमारा."

प्रबुद्ध खाली बसून वायर उलगडायला लागला, आणि नीलिमा कंप्युटरशेजारची परात उचलून बाजूला ठेवायला आत गेली.